धरणे : तुकोबांच्या तेराव्या दिवसाआधीचे बारा दिवस

ईश्वरावरील विश्वासाची चर्चा मराठीत बहुधा फळाकडून मागे चालत येते. भक्तावर संकट आले, त्याची कसोटी लागली, देव धावून आला आणि संकट टळले, हा क्रम कीर्तनातून आणि संतचरित्रांतून इतका परिचयाचा झालेला आहे की, संकट चालू असतानाच्या काळाकडे, म्हणजे देव अजून आलेला नाही आणि तो येईल की नाही हेही ठाऊक नाही अशा काळाकडे, श्रोत्याचे लक्ष फार वेळ ठरत नाही. इंद्रायणीच्या काठी तुकोबांनी अन्नपाण्यावाचून काढलेले तेरा दिवस हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. त्यांच्या अभंगांच्या बुडवलेल्या वह्या पाण्यातून कोरड्या वर आल्या, ही गोष्ट लहान मुलालाही माहीत असते. परंतु ज्या माणसाने ते दिवस काढले त्याला पहिल्या दिवशी तेरावा दिवस माहीत नव्हता, सातव्या दिवशीही नव्हता आणि बाराव्या दिवशीही नव्हता. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे बारा दिवस आहेत.

या प्रसंगाचे चमत्कार म्हणून खंडन किंवा मंडन करणे हा येथे हेतू नाही. एकोणिसाव्या शतकापासून त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. लोकांच्या मुखी असलेले अभंग पुन्हा उतरवले गेले, असे म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि वारकऱ्यांची श्रद्धा तिच्या ठिकाणी अढळ आहे. या वादात एक गोष्ट मात्र बाजूला पडली. तुकोबांनी स्वतःच्या आयुष्याचा वृत्तांत सांगणारा जो एक अभंग रचला, त्यात हा सगळा प्रसंग जेमतेम दोन ओळींत आटोपला आहे आणि त्या ओळींत आपल्या कृतीसाठी त्यांनी तपश्चर्या, उपोषण, अनुष्ठान यांपैकी एकही शब्द न वापरता ‘धरणे’ हा शब्द वापरला आहे. हा शब्द त्यांनी सहज घातला असावा असे मानणे कठीण आहे, कारण सतराव्या शतकातील मावळात आणि घाटमाथ्यावर धरणे ही एक ठरलेली व्यावहारिक रीत होती आणि महाजनाच्या घरात वाढलेल्या माणसाला ती पुरती ठाऊक होती.

आज धरणे म्हटले की कचेरीपुढील मंडप आणि घोषणा डोळ्यांसमोर येतात. त्या काळी धनको, म्हणजे ज्याचे येणे आहे तो सावकार, ऋणकोच्या दारात अन्न वर्ज्य करून बसत असे किंवा आपला माणूस बसवीत असे, आणि येणे फिटेपर्यंत किंवा तडजोड होईपर्यंत उठत नसे. दारात माणूस उपाशी बसलेला असताना घरातल्यांनीही जेवू नये, असा लोकरिवाज होता, त्यामुळे धरणे हे दोन्ही बाजूंना बांधणारे होते. याचा अर्थ असा की धरणे धरणारा याचक नसतो. त्याच्यापाशी खत असते, समोरच्याने शब्द दिलेला असतो, आणि तो शब्द पाळला जावा एवढेच तो मागत असतो; दान मागणारा मनुष्य धरणे धरू शकत नाही. तुकोबा देवाच्या दारात धरणे धरून बसले असतील, तर देवाने त्यांना काय देणे होते, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

त्याचे उत्तर गाथेतच आहे. तुकोबांच्या म्हणण्याप्रमाणे कवित्व ही त्यांची स्वतःची हौस नव्हती. स्वप्नात नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन आले, त्यांनी तुकोबांना जागे केले आणि कवित्व करण्याचे काम सांगितले. शतकोटी अभंगांचा जो संकल्प नामदेवांनी केला होता, त्यातील उरलेली संख्या तुकोबांनी पूर्ण करावी, अशी ती आज्ञा होती. शतकोटी म्हणजे शंभर कोटी, आणि एका माणसाच्या हयातीत ती संख्या गाठणे केवळ अशक्य आहे. म्हणजे आज्ञा अशी की जिचे पूर्ण झालेले रूप ती पाळणाऱ्याला कधीही दिसणार नाही. तुकोबांनी ती पाळली. नंतर शूद्राने अध्यात्म सांगू नये या कारणाने निषेध झाला (परंपरा येथे वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचे नाव घेते, आणि तेच पुढे तुकोबांचे निस्सीम अनुयायी झाले असेही सांगते), आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. ज्याच्या सांगण्यावरून लिहिले त्यानेच ते बुडू दिले, अशी ही अवस्था होती. आज्ञा मोडल्यामुळे ओढवलेले संकट माणूस समजू शकतो, कारण तेथे निदान कारण सापडते. आज्ञा पाळल्यामुळेच ओढवलेल्या संकटात मात्र विश्वासाला टेकायला काहीच उरत नाही, आणि तुकोबा ज्या शिळेवर बसले तिच्यावर ते या अर्थाने निराधार होते.

या बुडवण्याला एक जुळे आहे. इंद्रायणीने तुकोबांचे कागद पोटात घेतले ते काही पहिल्यांदा नव्हे. चरित्रकार महीपतींनी जतन केलेल्या परंपरेनुसार, घरच्या सावकारीची खते तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची खते स्वतःच्या हाताने नदीत सोडली. दुष्काळाने कंबर मोडलेल्या कुळांकडून आता काही वसूल करायचे नाही, कोणाच्या दारात धरणे धरायचे नाही, असा त्याचा अर्थ होता. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे तुकोबांच्या शब्दाचे वजन कळते. ज्याने माणसांवरचा आपला सगळा हक्क पाण्यात सोडला, त्याने देवावरचा हक्क मात्र सोडला नाही. पहिल्या वेळी कागद बुडाले तेव्हा तो मोकळा झाला. दुसऱ्या वेळी बुडाले तेव्हा दारात जाऊन बसला. या दोन कृतींत विसंगती पाहणाऱ्यांनी विश्वास आणि संन्यास या दोन गोष्टी एकच मानल्या आहेत, आणि तसे मानणे चूक आहे.

फळाविषयी उदासीन राहण्याची शिकवण आपल्याकडे गीतेमुळे सर्वपरिचित आहे. कर्मावर अधिकार, फळावर नाही. तुकोबांना ही शिकवण नक्कीच ठाऊक होती, पण त्या बारा दिवसांतले तुकोबा फळाविषयी उदासीन नाहीत. त्यांना आपले अभंग परत हवे आहेत आणि त्याहून अधिक, ज्याने आज्ञा दिली त्याचे उत्तर हवे आहे. या काळातले म्हणून जे अभंग परंपरेने सांगितले जातात त्यांत तक्रार आहे, ठपका आहे, देवाला कठोर म्हणणे आहे, नाव बुडेल ते तुझे बुडेल असा इशाराही आहे. या कठोर बोलण्याला अश्रद्धा समजणे सोपे आहे. परंतु ज्याच्यावर विश्वास उरलेला नाही त्याच्याशी भांडायला त्याच्या दारात कोणी जात नाही; विश्वास उडालेला माणूस घरी जातो. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतील ईयोबाचा ग्रंथ याच जातीचा आहे. सर्वस्व गमावलेला ईयोब देवाशी वाद घालतो, त्याचे धर्मशील मित्र देवाची बाजू सावरून धरतात, आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, ईयोबावर नव्हे. कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या पायापाशी पोहोचलो असे म्हणत असत, यामागे दोन्हीकडच्या भक्तीतला हा सारखेपणा काही अंशी असावा.

आता त्या बारा दिवसांत टिकून राहण्याचे बळ कोठून आले, हा या विषयाचा गाभा आहे. ते बळ एकदम आलेले नव्हते, आणि येथे तुकोबांचे स्वतःचे निवेदन फार मोलाचे आहे. 1630 च्या सुमारास दख्खनवर जो दुष्काळ पडला, त्याच्या जोडीला निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांची सैन्ये याच मुलखातून फिरत होती. त्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पत गेली आणि घरातली एक स्त्री अन्न अन्न करीत गेली, हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. ही त्यांची पहिली पत्नी रखमाबाई. यानंतर त्यांनी जे पहिले काम केले ते साक्षात्काराचे नव्हते, गवंड्याचे होते. घराण्याचे विठ्ठलमंदिर पडीक झाले होते, ते दुरुस्त करावे असे त्यांच्या मनात आले. पुढे एकादशीला कीर्तनाला उभे राहू लागले, पण सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हते, अशी कबुली त्यांनी देऊन ठेवली आहे. चित्त नव्हते म्हणून ते थांबले मात्र नाहीत. संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली आणि गाणाऱ्याच्या मागे राहून ध्रुपद धरले. ध्रुपद धरणे म्हणजे मुख्य गायकाने चरण म्हटल्यावर पालुपद उचलून धरणे. ते करायला प्रतिभा लागत नाही, वेळेवर हजर राहावे लागते.

वारकरी या सगळ्याला एका शब्दात ‘नेम’ म्हणतात. नेम म्हणजे मनाच्या अवस्थेवर अवलंबून न ठेवलेले आचरण. माळ घातलेला माणूस एकादशी धरतो, हरिपाठ म्हणतो, आषाढी-कार्तिकीची वारी चुकवत नाही, आणि हे करताना दर वेळी त्याच्या अंतःकरणात काही उचंबळून यावे अशी अट नसते. विश्वास ही आधी मनात घडणारी गोष्ट आणि आज्ञापालन हे तिचे बाहेर दिसणारे रूप, असा क्रम पुष्कळदा सांगितला जातो. तुकोबांच्या आयुष्यात तो उलटा दिसतो. मंदिराची भिंत आधी, चित्त मागाहून. इंद्रायणीच्या काठी बसलेला माणूस हा वर्षानुवर्षे, काही दिसत नसताना, ध्रुपद धरलेला माणूस होता आणि म्हणून धरणे धरणे त्याला जमले.

काही दिसत नसताना काम चालू ठेवण्याची ही रीत समजण्यासाठी या ठिकाणी भूगोलाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते, कामशेत, तळेगाव अशी मावळातून वाहत देहूला येते आणि आळंदीवरून पुढे तुळापूरला भीमेला मिळते. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात जातो, आणि तोच पाऊस पूर्वेकडे वडगाव मावळपर्यंत येताना झपाट्याने ओसरतो. म्हणजे देहूच्या घाटावर उभ्या असलेल्या माणसाला नदीला आलेले पाणी दिसते, पण ते ज्या पावसाने आले तो पाऊस दिसत नाही. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाची बातमी खालच्या गावाला नदीच सांगते. या खोऱ्यातले मुख्य पीक भात, आणि भाताची शेती ही न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवून आधी कामाला लागण्याची शेती आहे. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत पसरून रोपवाटिकेची जागा भाजतात, त्याला राब भाजणे म्हणतात. नंतर कित्येक शेतकरी पाऊस पडण्याच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकतात, ती धूळवाफेवरची पेरणी. ती साधली तर रोप पहिल्या पावसाबरोबर वर येते आणि लावणी वेळेवर होते. पाऊस लांबला तर बी पाखरांच्या आणि मुंग्यांच्या पोटात जाते. धूळवाफ करणारा शेतकरी पावसाविषयी निश्चिंत असतो असे कोणी म्हणू नये. त्याच्या पोटात गोळा असतोच, तरी बी टाकलेले असते.

   

याच खोऱ्यात, मावळ तालुक्यातल्या इंदोरीजवळ, भंडाऱ्याचा डोंगर आहे. देहूहून तुकोबा तेथे एकांतासाठी जात, अशी परंपरा आहे, आणि त्यांची भाकरी घेऊन जिजाबाई तो डोंगर चढत, असेही परंपरा सांगते. जिजाबाई, लोकांच्या तोंडी आवली, ही पुण्याच्या गुळवे घराण्यातली, तुकोबांची दुसरी पत्नी. संतचरित्रांनी तिला कजाग ठरवून टाकले आणि नाटक-चित्रपटांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. हा अन्याय आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो मोठा अन्याय आहे. तुकोबांना स्वप्नात आज्ञा मिळाली होती, मंत्र मिळाला होता, विठ्ठलाने थापटून सावध केले होते. जिजाबाईला यांपैकी काहीही मिळालेले नव्हते. तिला दिसत होते ते रिकामे मडके, भुकेली पोरे आणि सावकारीची खते पाण्यात सोडून आलेला नवरा. तरीही ती भाकरी भाजून डोंगर चढली. एका माणसाच्या आज्ञापालनाची किंमत पुष्कळदा शेजारचे माणूस चुकवत असते आणि त्या माणसाला आज्ञा ऐकूही आलेली नसते, ही गोष्ट भक्तीच्या विवेचनात क्वचितच सांगितली जाते. विठ्ठलावर ती संतापत असे, असे सांगतात. तिच्या संतापाला आणि तुकोबांच्या धरण्याला दोन वेगवेगळी नावे देण्याचे कारण काय, याचा विचार अभ्यासकांनी करायला हवा.

बहिणाबाईंचे उदाहरण याच्याशी ताडून पाहता येते. वैजापूर परिसरातल्या शिऊरशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या बहिणाबाईंनी कोल्हापुरात असताना तुकोबांचे अभंग ऐकले, स्वप्नात त्यांचा उपदेश मिळाला असे मानले आणि प्रत्यक्ष भेटीच्या आधीच त्यांना गुरू केले. ब्राह्मण पतीला हे रुचले नाही, मारहाण झाली. पुढे सारे कुटुंब देहूला आले, आणि तेथेही मंबाजी गोसाव्याचा जाच चुकला नाही. हे सर्व त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. म्हणजे न पाहिलेल्या गुरूवर ठेवलेल्या विश्वासाची हकीकत तो विश्वास ठेवणाऱ्या स्त्रीच्याच शब्दांत मराठीला मिळाली. आवलीची मात्र अशी एकही ओळ उरलेली नाही.

तेराव्या दिवसाकडे आता वळता येईल. वह्या मिळाल्यानंतर तुकोबांना विजयाचा आनंद झाला असेल, अशी वाचकाची अपेक्षा असते. गाथेत त्या प्रसंगावरचे अभंग वाचताना पहिला धक्का बसतो तो याचा, की त्यांत मोठा स्वर पश्चात्तापाचा आहे. आपण थोर अन्याय केला, देवाचा अंत पाहिला, तेरा दिवस डोळे झाकून बसलो आणि आपल्या तहानभुकेचे साकडे त्याच्यावर घातले, असे ते म्हणतात. लोकांचे बोलणे टळावे एवढ्यासाठी देवाला पाण्यात कागद राखायला लावले, ही त्यांना सलणारी गोष्ट आहे. धरण्याची रीत आठवली म्हणजे या पश्चात्तापाचा अर्थ अधिक उकलतो. धनको दारात उपाशी बसला की ऋणकोनेही जेवायचे नसते. येणे वसूल झाल्यावर तुकोबांच्या ध्यानात आले ते हे, की आपल्याबरोबर दाराच्या आतलाही बारा दिवस अडकून पडला होता. ज्याला ते गप्प समजत होते तो गप्प नव्हता, तो सोबत होता. बारा दिवसांत हे दिसले नाही, दिसण्याची सोयही नव्हती, आणि म्हणून ते भांडले. त्या भांडण्याबद्दल देवाने त्यांना काही म्हटले, असे ते कोठेही सांगत नाहीत.

आत्मवृत्ताच्या त्याच अभंगात, धरणे आणि समाधान सांगून झाल्यावर, तुकोबा म्हणतात की सध्या विचार असा दिसतो, पुढचा प्रकार देव जाणे. वह्या कोरड्या मिळालेल्या माणसाचे हे म्हणणे आहे. मोठी खूण मिळूनही त्यांना पुढचे दिसत नव्हते.

पुढे जे झाले ते बहुतेक त्यांच्या हयातीबाहेरचे आहे. चाकणचे संताजी जगनाडे, व्यवसायाने तेली, यांनी अभंग लिहून ठेवले; त्यांची समाधी मावळातच सुदुंबऱ्याला, भंडाऱ्याच्या डोंगरापासून जवळ आहे. मुंबई सरकारच्या मदतीने गाथेची मोठी संपादित आवृत्ती इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली तिचा पहिला खंड 1869 चा, म्हणजे तुकोबांच्या प्रयाणानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी; तिच्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. शतकोटीच्या हिशेबात ही संख्या काहीच नाही. परंपरेप्रमाणे तुकोबांच्या प्रयाणाच्या वेळी जिजाबाई गरोदर होती. त्या वेळी जन्माला न आलेला मुलगा नारायण, ज्याने वडिलांना कधी पाहिले नाही, त्याने 1685 मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून त्या पंढरपूरला नेण्याची रीत सुरू केली.

ती पालखी आजही ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते. मावळातल्या भाताच्या रोपांची ही कोवळी वेळ असते. धूळवाफेवर टाकलेले बी कोठे नुकते वर आलेले, कोठे अजून मातीतच असते, आणि खरा पाऊस घाटावरून खाली उतरायचा असतो. माळकरी घरातला एक जण दिंडीबरोबर चालू लागतो आणि आषाढी करून परत येईपर्यंत शेतात चिखलणी होऊन लावणी सुरू झालेली असते. ती करायला घरात कोणी तरी मागे राहिलेले असते, बहुतेक बाईच, गुडघाभर चिखलात, वाकून, रोपांची जुडी डाव्या हातात धरून.